शिंकलात तर चित्र उडेल : जुन्या पल्प मासिकांची मुखपृष्ठं

रद्दीबहाद्दर (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर अमेरिकन पल्प मासिकांच्या कव्हरांबद्दल चार ओळी खरडल्या, तर "स्वतंत्र धागा काढा" असा हुकूम झाला. आज मुहूर्त लागला. मी चित्रकार नाही, समीक्षक तर नाहीच. वीस वर्षं ही कव्हरं बघत आलोय. आधी रद्दीत, मग इंटरनेट अर्काइव्हवर रात्री-रात्री. त्यामुळे खाली जे आहे ते सगळं मत. पटलं नाही तर हाणा.

नवीन मंडळींसाठी : १८९६ साली फ्रँक मन्सीने 'आर्गसी' हे मासिक लाकडाच्या लगद्याच्या (म्हणजे 'पल्प'च्या) स्वस्तातल्या स्वस्त कागदावर, नुसत्या गोष्टी ठासून भरून काढलं. तिथून ही जमात सुरू झाली. साधारण सात बाय दहा इंच, सव्वाशे-एक पानं, किंमत बहुधा दहा-पंधरा सेंट. आतला कागद असा की काही वर्षांत पिवळा पडून खारीसारखा तुटावा. कव्हर मात्र गुळगुळीत कागदावर, चकचकीत रंगात. घरी कांदा-भाकरी आणि लग्नाला जाताना इस्त्रीचा सदरा, तसला प्रकार. तिशीच्या दशकात स्टॉलवर अशी डझनावारी मासिकं खांद्याला खांदा लावून टांगलेली असायची. चालत्या माणसाचे पाय थांबवायचे, एवढंच कव्हराचं काम.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं मत असं : पल्पची खरी कलाकृती म्हणजे छापील कव्हर. मासिकाच्या नावासकट, किमतीसकट, लेखकांच्या यादीसकट. मूळ पेंटिंग हा कच्चा माल. आज लिलावात त्या पेंटिंगांना जो भाव येतो त्याबद्दल आनंदच आहे, पण ते म्हणजे पुरणपोळी सोडून पुरणाचं कौतुक.

माझे दोन देव. एक फ्रँक आर. पॉल. जन्म ऑस्ट्रियातला, शिक्षण वास्तुकलेचं, आणि ते लपत नाही. एप्रिल १९२६ चा, विज्ञानकथांच्या 'अमेझिंग स्टोरीज' मासिकाचा पहिला अंक बघा. मागे कड्यासकट अख्खा शनी, बर्फाच्या ढिगांवर अडकून बसलेली जहाजं, आणि पुढे माणसं मजेत बर्फावर घसरतायत! जगबुडी झालीय आणि हे सहलीला आलेत. (हा अंक आकाराने मोठा आणि पंचवीस सेंटांचा होता, त्यामुळे काही कर्मठ लोक त्याला पल्प मानतच नाहीत. त्यांना नमस्कार.) पॉलची यंत्रं, मनोरे, शहरं बघत राहावीत. माणसं मात्र दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखी. कुठेही ठेवा, तशीच उभी. मला हा दोष वाटतच नाही. एवढ्या मोठ्या यंत्रासमोर माणूस मावळ्याएवढाच दिसणार. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं तेव्हा मानाचा पाहुणा म्हणून कुणा लेखकाला नाही, पॉलला बोलावलं होतं. वाचकांना कळत होतं कुणामुळे आपण अंक उचलला ते.

दुसरी देवी, मार्गारेट ब्रंडेज. शिकागोची. 'वीअर्ड टेल्स' या भयकथा-अद्भुतकथांच्या मासिकासाठी १९३२ ते १९४५ मध्ये तिने ६६ कव्हरं केली. एका कव्हरचे ९० डॉलर. नवऱ्याच्या कमाईचा भरवसा नाही, घरी मुलगा आणि आई, त्यामुळे हा काही हौसेचा मामला नव्हता. बाकी बहुतेक जण तैलरंगात काम करायचे. ही पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत खडूंत! पेस्टलची भुकटी कागदावर नुसती बसलेली असते, फुंकर मारली तरी हलते. चित्र ऑफिसात असताना शिंकायचीसुद्धा भीती वाटायची, असं संपादक फार्न्सवर्थ राइट सांगायचा म्हणे. पण त्या भुकटीमुळेच तिच्या बायकांच्या कातडीला पावडर लावल्यासारखा जो मऊपणा येतो तो तेलात येत नाही. ऑक्टोबर १९३३ चं वटवाघळाच्या मुखवट्याचं कव्हर शोधून बघा. बाकी काही नाही पाहिलंत तरी चालेल.

एवढ्यावर थांबतो. हाणा आता.

कॉटनग्रीन

वा मालक, मजा आणलीत. माझ्याकडून एक किस्सा. १९३१ मध्ये 'द शॅडो' मासिक काढायचं ठरलं. नायकाचं नाव सावली, तेव्हा कव्हरवर सावली हवी. नवीन चित्र काढून घ्यायचा खर्च कोण करणार? प्रकाशकांनी गोदाम धुंडाळलं. मोठी सावली पडलेलं एकच जुनं चित्र सापडलं, मोडेस्ट स्टाइनने १९१९ मध्ये दुसऱ्याच एका मासिकासाठी केलेलं. भिंतीवर सावली आणि तिच्यापुढे घाबरलेला चिनी माणूस. आता पंचाईत अशी की गोष्टीत चिनी माणूसच नाही! मग लेखक वॉल्टर गिब्सनने न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधला प्रसंग गोष्टीत घुसवला. सदऱ्याला बटण लावायचं सोडून बटणाला सदरा शिवला.

अवांतर : हा स्टाइन तरुणपणी अराजकवादी होता. कसले-कसले लोक या धंद्यात पोट भरत होते बघा.

मेथीकूट

लेख आवडला, पण एक विचारू का? तुमच्या देवीच्या ६६ पैकी किती कव्हरांवर बाई पूर्ण कपड्यांत आहे? मी तुमचं वाचून तासभर शोधत बसले. सप्टेंबर १९३३ च्या अंकावर तर एक बाई दुसरीला चाबकाने मारतेय. "पावडर लावल्यासारखी मऊ कातडी" वगैरे वाचायला छान, पण मालक, हे काय आहे ते आपल्या दोघांनाही कळतंय.

रद्दीबहाद्दर

मेथीकूटताई, बरोबर पकडलंत. पांघरूण घालत नाही. राइटला ठाऊक होतं की उघडी बाई कव्हरवर असली की अंक खपतो. लेखकांनाही ठाऊक होतं. सीबरी क्विन नावाचे एक खंदे लेखक होते, ते गोष्टीत नायिकेचे कपडे उतरतील असा एक प्रसंग आठवणीने टाकायचे, म्हणजे कव्हर आपल्या गोष्टीला मिळेल. वाचकांच्या पत्रांत यावर हाणामाऱ्या चालायच्या. "कव्हर फाडून टाकल्याशिवाय अंक घरी नेता येत नाही" हा एक पक्ष, "चालू द्या" हा दुसरा. चित्रावर सही नुसती 'एम. ब्रंडेज'. त्यामुळे हे बाईचं काम आहे हे बरेच दिवस कुणाच्या गावीही नव्हतं.

मला तिच्यात वेगळं काय दिसतं ते सांगतो. दुसऱ्यांच्या कव्हरांवरच्या बायका कुणाकडे तरी बघत किंचाळत असतात, म्हणजे खांबाला बांधलेलं सामान. ब्रंडेजच्या बायका पुष्कळदा स्वतःच्याच तंद्रीत असतात. राक्षस मागे कुठेतरी, आणि तोही बेतास बात. राक्षस आणि पुरुष हे तिचे कच्चे विषय, हे मान्य.

मेथीकूट

हं. अर्धं पटलं. चाबूक अजून घशाखाली उतरत नाही.

कॉटनग्रीन

बायकांचा विषय निघालाच आहे तर अर्ल बर्गीला विसरू नका! चाळिशीच्या दशकातल्या 'स्टार्टलिंग स्टोरीज', 'थ्रिलिंग वंडर स्टोरीज'ची कव्हरं. अंतराळात पुरुषाला आपादमस्तक पोशाख, डोक्यावर काचेचा हंडा. शेजारच्या बाईला पितळी चोळी. नुसती पितळी चोळी! हवा नाही, उणे दोनशे तापमान, आणि बाई ठणठणीत.

मेथीकूट

ती घासायची कशाने? चिंचेने की पितांबरीने?

तैलरंगी

चोळी राहू द्या बाजूला. मी कमर्शियल आर्ट शिकलो, तीस वर्षं जाहिरातीत काढली. धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्यावर माझा कडक आक्षेप आहे. "पेंटिंग हा कच्चा माल" असं म्हणणारा माणूस छापखान्यात कधी उभा राहिलेला नाही. चित्रकार काढतो एक आणि ब्लॉकमधून (छपाईच्या ठशातून) उतरतं दुसरंच. निळा जरा जास्त झाला की माणूस कावीळ उतरल्यासारखा हिरवट दिसतो. लालचा ब्लॉक केसभर सरकला की ओठ दोन. हे अपघात, आणि तुम्ही अपघातालाच कला म्हणताय. वॉल्टर बाउमहोफरने मार्च १९३३ मध्ये 'डॉक सॅव्हेज' या साहसकथांच्या मासिकाचं पहिलं कव्हर केलं, फाटका शर्ट घातलेला तो तांबूस गडी. त्यात उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे सगळं कमावलेलं ज्ञान आहे. ते कॅनव्हासवर होतं. छापखान्याने त्यातलं थोडं खाल्लं, एवढंच.

रद्दीबहाद्दर

काका, दंडवत. छापखान्यात उभा राहिलेलो नाही हे खरं. पण तुम्हीच सांगा, जाहिरातीसाठी चित्र करताना छपाईत काय मरणार आणि काय जगणार हे डोक्यात ठेवूनच ब्रश उचलायचात ना? मग शेवटचं रूप छापलेलंच. चित्राच्या वरच्या एक-तृतीयांश भागात मासिकाचं नाव येणार म्हणून तिथे मोकळं आभाळ किंवा भिंत सोडायची. नाव नसेल तर ते चित्र डोक्याकडून रिकामं दिसतं.

पैलतीर

या वादात माझी साक्ष घ्या. २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये रॉबर्ट लेसर या संग्राहकाकडच्या पल्प पेंटिंगांचं प्रदर्शन होतं. मी तेव्हा नवीनच इकडे आले होते, पोराला बाबागाडीत घालून गेले. मला वाटलं होतं मासिकाएवढी चित्रं असतील. बघते तर काय, बरीचशी अडीच-अडीच फूट उंच! जवळ गेलं की रंगाचे गोळे दिसतात. एका चित्रात पिस्तुलाच्या नळीवरची चमक म्हणजे पांढऱ्या रंगाचा एकच जाड फटकारा होता, पालीच्या शेपटीएवढा. तो ब्रश एकदाच टेकवलाय, दुरुस्ती नाही. छापील कव्हरवर त्याचा नुसता ठिपका होतो.

आणि हो, रद्दीबहाद्दर म्हणतात ती वरची मोकळी जागा दिसते. सुरुवातीला विचित्र वाटतं, सगळी मारामारी खालच्या दोन भागांत. दहा मिनिटांनी सवय होते. पोरगं मात्र एका राक्षसाला बघून जे रडायला लागलं ते बाहेर येईपर्यंत. म्हणजे मालाचा दर्जा कळला.

तैलरंगी

पैलतीर, "एकदाच टेकवलाय, दुरुस्ती नाही" हे वाचून बरं वाटलं. हेच म्हणत होतो.

रद्दीबहाद्दर

हेवा वाटला. तो फटकारा मी बघितलेला नाही, त्यामुळे अर्धं पाऊल मागे घेतो.

पण अशी पेंटिंगं वाचली किती? प्रकाशक चित्र विकत घ्यायचा, छापून झालं की गोदामात टाकायचा, जागा भरली की फेकायचा. चित्रकारही परत मागत नसत. कित्येकांनी तर सहीसुद्धा केली नाही, उद्या चांगल्या मासिकाचं काम मिळवायचं तर हे पाप कुणाला दिसायला नको. ब्रंडेजची मूळ चित्रं तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच उरली असतील. १९३८ मध्ये 'वीअर्ड टेल्स' विकलं गेलं, ऑफिस शिकागोहून न्यूयॉर्कला हललं. आता पेस्टलचं चित्र आगगाडीने पाठवायचं कसं? त्यात न्यूयॉर्कचा महापौर ला गार्डिया असल्या कव्हरांच्या मागे हात धुऊन लागलेला. तिचं काम आटलं आणि व्हर्जिल फिनले वगैरे मंडळी पुढे आली. फिनले आतल्या चित्रांत ठिपक्या-ठिपक्यांनी जे करायचा ते वेगळ्याच धाग्याचं काम आहे. तात्पर्य, ६६ कव्हरांमधली बाई आज आपल्याला दिसते ती छपाईमुळेच.

खवट_खोबरं

किती ते शिकागो आणि ब्रुकलिन! बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर रघुवीर मुळगावकरांनी जी कव्हरं केली त्यांचं नावसुद्धा पन्नास प्रतिसादांत नाही. (पन्नास झाले नसतील, पण होतील.) आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या वाचनालयात झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या पुस्तकांसाठी नंबर लागायचे. दिवसाला दहा पैसे. अर्धे लोक कव्हर बघून पुस्तक मागायचे, "ती हिरव्या साडीवाली द्या". घरचं सोनं सोडून परक्याचं पितळ घासताय.

गोमंतक_एक्सप्रेस

खवटराव, नेहमीप्रमाणे खवट पण बरोबर. मुळगावकर आमच्या गोव्याचे, दीनानाथ दलालही गोव्याचेच. दलालांचा बाज वेगळा, 'दीपावली' अंकाची ती सोज्वळ रेषा. मुळगावकर म्हणजे स्प्रे! गालावर, खांद्यावर, पदराच्या कडेला रंगाची वाफ सोडल्यासारखी. देवांची कॅलेंडरं त्यांनीच केली आणि रिव्हॉल्व्हर रोखलेले बुरखेधारीही त्यांनीच. लक्ष्मीचा आणि रहस्यकथेतल्या नायिकेचा गाल एकाच हाताने रंगवलेला. ब्रंडेजच्या पावडरीबद्दल वाचताना मला पहिल्यांदा तेच आठवलं. आणि योगायोग बघा, ब्रंडेज आणि मुळगावकर दोघंही १९७६ सालीच गेले.

रद्दीबहाद्दर

गोमंतकभाऊ, हा योगायोग माहीत नव्हता. अंगावर काटा आला.

खवटकाका, गुन्हा कबूल. मासिकांपुरतं बोलायचं म्हणून कुंपण घातलं होतं, पण कुंपण चुकीच्या जागी पडलं. भुकटी आणि स्प्रे दोन्हींत ब्रशाचा माग दिसत नाही, म्हणून दोन्ही जवळची वाटतात. तरी एक फरक मला जाणवतो. मुळगावकरांची नायिका संकटात असली तरी तिचा पदर आणि कुंकू जागच्या जागी असतं. स्टॉलवर आजोबा, सून, नातू सगळेच येणार, हे त्या कव्हराला माहीत आहे.

मेथीकूट

बघा, कपड्यांतही कव्हर खपतं.

खवट_खोबरं

आता खरं कारण सांगतो. आमच्याकडचं वाचनालय बंद झालं तेव्हा अर्नाळकरांची अकरा पुस्तकं उचलून आणली होती. सगळी बाइंडिंग केलेली, वर काळं रेक्झिन. कव्हर कुठे? बाइंडरने ते आतल्या पुठ्ठ्यावर उलटं चिकटवून टाकलंय, मजबुतीसाठी! एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याची कड ओल येऊन सुटली, तर आत निळा रंग आणि 'मुळ' एवढी अक्षरं दिसतात. सहीच असणार. तैलरंगी, हे सोडवायचं कसं? वाफ देऊ का?

तैलरंगी

वाफ अजिबात नको! आधी चिकटवलंय कशाने ते बघा. कडेला वाळलेली पापडी नखाने काढा आणि पाण्याचा थेंब टाका. मऊ पडून चिकट झाली तर मैद्याची खळ. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून, त्यामुळे हिरवट झाक दिसली तर घाबरू नका. थेंबाने काहीच झालं नाही आणि रबरासारखं ताणलं गेलं तर फेविकॉल. मग विसरा, हात लावू नका.

खळ असेल तर टीपकागद पाण्यात बुडवून घट्ट पिळा, पुठ्ठ्याच्या बाजूने ठेवा, वर प्लॅस्टिक, वर वजन. अर्धा तास. मग पुठ्ठाच पदर-पदर सोलत या. कव्हर ओढायचं नाही, पुठ्ठा काढायचा. त्याआधी एका कोपऱ्यात ओला बोळा टेकवून शाई सुटत नाही ना ते बघा. घाई केलीत तर माझं नाव सांगू नका.

कॉटनग्रीन

धागा अंतराळातून निघाला आणि खळीच्या वाटीत येऊन पडला. वाचतोय.

पैलतीर

खवटकाका, फोटो टाका प्लीज. इकडे सकाळ झाली की पहिला हाच धागा उघडते.

खवट_खोबरं

चार दिवसांनी लिहितोय. खळच होती, मोरचुदाची झाकही निघाली. रविवारी दुपारी बसलो. टीपकागद मिळाला नाही म्हणून बायकोचं जुनं सुती फडकं घेतलं. पुठ्ठ्याचे सात-आठ पदर निघाले. खालून कव्हर दिसायला लागलं, अक्षरंसुद्धा. इथपर्यंत सगळं ठीक.

मग चहा आला आणि माझी घाई नडली. उरलेला भाग ओढला. खालचा अर्धा अखंड सुटला : निळी रात्र, मोटारीचा दिवा, पिवळा झोत, आणि कोपऱ्यात पूर्ण सही. वरच्या बाईचा चेहरा मात्र पुठ्ठ्याला धरून राहिला. कागदाकडे नुसता पांढरा कोंडा. भिंग लावून बघितलं तर पुठ्ठ्यावर तिचा एक डोळा आणि गालाचा तुकडा आहे, पण आपल्याला दिसते ती पाठची बाजू. रंगाचा तवंग नुसता. आणि तैलरंगी, ज्या कडेला रंग शाबूत आहे तिथे लाल खरंच केसभर सरकलाय. मोटारीच्या मागच्या दिव्याला दोन कडा आहेत.

तैलरंगी

ओढू नका म्हटलं होतं. असो. तो पुठ्ठा ओला असताना कशातही दाबू नका, सावलीत वाळवा. फेकू तर मुळीच नका.

रद्दीबहाद्दर

काका, त्या दिव्याच्या दोन कडांचा फोटो जवळून घेता येईल का? भिंगातून, उजेड डावीकडून.

खवट_खोबरं

घेतो. अजून दहा पुस्तकं आहेत. पुढच्या रविवारी चहा आधी पिऊन बसणार.